पाणी चालू ठेवणारा भाऊ

शाहिस्ता परकार लग्नाआधी रत्नागिरीच्या शाळेत इतिहास शिकवायच्या. नवऱ्याच्या नोकरीपायी त्या सौदी अरेबियातल्या ताइफला आल्या. इराकने कुवेत गिळलं, तेव्हा त्यांच्या शेजारी उम्म सालेम नावाची कुवेती बाई कुटुंबासह आसऱ्याला आली. शाहिस्ताबाईंच्या मोडक्यातोडक्या अरबीवर दोघींचं चांगलं जमलं.

एका दुपारी उम्म सालेम रडतच आली. तिचा भाऊ मागे राहून कुवेत शहराचं पाणी चालू ठेवत होता. ते पाणी इराकी सैनिकही पीत, म्हणून तिच्यासोबत ताइफला आलेल्या आत्या त्याला फितूर म्हणू लागल्या होत्या.

शाहिस्ताबाईंनी तिला चहा दिला. "मंगोलांनी बगदाद जिंकलं, तेव्हा काही लढले, काही पळाले," त्या म्हणाल्या. "काहींनी मात्र त्यांचीच चाकरी धरली आणि ग्रंथ वाचवले, उजाड गावं वसवली. पुढे त्याच मंगोलांचे वंशज मुसलमान झाले. चाकरी करणारा प्रत्येक जण फितूर नसतो गं."

उम्म सालेमने डोळे पुसले. "हे आत्यांना सांगशील?"

शाहिस्ताबाई लगेच उठल्या. आत्यांनी हुज्जत पुष्कळ घातली, पण फितूर हा शब्द पुन्हा काढला नाही.

कुवेत सुटलं आणि गुलाबांच्या हंगामात घरच्यांना परत न्यायला भाऊ सुखरूप ताइफला पोचला. आत्यांनी त्याला मधोमध बसवून शाहिस्ताबाईंनी पाठवलेली गरम सांदणं खाऊ घातली. भिंतीपलीकडचा हसण्याचा गलका ऐकत शाहिस्ताबाईंनी दुसरी खेप वाफेवर ठेवली.