मक्याच्या टाकीत कॅझ

मिशिगनमधल्या वोला टाउनशिपमध्ये घरं दोनशे, चर्च एक आणि आडनावं जेमतेम पंधरा. पोलंडमधल्या एकाच गावातून आलेल्यांची ही पतवंडं. चर्चची घंटा अवेळी वाजली की हातातलं टाकून धावायचं, हा तिथला रिवाज. राजाराम सोनटक्के गावातला एकमेव मराठी माणूस. चाळीस वर्षं मोटारींच्या कारखान्यात पत्रा कापला, निवृत्तीनंतर इथे घर घेतलं आणि अग्निशामक दलात स्वयंसेवक झाला.

त्या सकाळी घंटा वाजली. शेजारचा कॅझ मक्याच्या उंच पत्र्याच्या टाकीत छातीपर्यंत रुतला होता. राजारामने शिडीवरून आत पाहिलं. कॅझने श्वास सोडला की दाणे त्याला आणखी आवळत होते.

"राजा, बिअर आणलीस?" कॅझने विचारलं. ओठ निळे पडले होते.

खाली त्याचा भाऊ लिऑन कॅझच्या काखेतून आलेला दोर ट्रॅक्टरला बांधत होता. राजाराम उतरून ट्रॅक्टरपुढे उभा राहिला.

"ओढलंस तर अर्धाच येईल."

"हो बाजूला, म्हाताऱ्या! माझा भाऊ आहे तो!"

"म्हणूनच सांगतो. इंजिन बंद कर."

लिऑनने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. तोवर धावत आलेले लोक दाराजवळचा पत्रा कुऱ्हाडीने फोडायला लागले होते.

"थांबा! एका बाजूने मका सुटला तर टाकी त्याच्यावर बसेल. चार बाजूंना कापतो. प्रत्येकाने आपला पत्रा दाबून धरायचा. मी सांगेन तेव्हा एकदम सोडायचा."

त्याने दलाच्या गाडीतली, दाबाच्या हवेवर चालणारी छिन्नी घेतली. पहिला पत्रा लिऑनने पाठीने रेटून धरला. दुसरा. तिसऱ्याला राजारामचे खांदे भरून आले. वय एकाहत्तर. घाई केली तर धार अडकणार, म्हणून त्याने घाई केली नाही.

आतून येणारं कॅझचं कण्हणं थांबलं.

"कॅझ!" लिऑन ओरडला. उत्तर नाही. "राजा, सोडतो मी!"

"पाठ हलवलीस तर तूच मारशील त्याला."

लिऑन रडत होता. पाठ मात्र हलली नाही. चौथा पत्रा कापून झाला.

"सोडा!"

चारही बाजूंनी मका धो धो सांडला. लोक फावड्यांनी उपसत राहिले. राजाराम शिडीवर चढला. कॅझ कंबरेपर्यंत मोकळा, मान खाली. मग खोकला आला आणि पोलिश शिवी.

"जिवंत आहे!" राजारामने खाली सांगितलं. दोन-तीन फावडी थांबली.

"थांबलात का? पाय अजून आत आहेत."