झाकणाखालचा साबण

आबांची, माझ्या वडलांची, लघवी रात्रीपासून अडलेली, आणि हा माणूस सांगतोय कुणाला? सकाळी पोट दगडासारखं झालं, कण्हणं अंगणात ऐकू यायला लागलं, तेव्हा कुठं आईनं मला हाक मारली. मी पाटणला गॅरेजात कामाला, सुट्टीला म्हणून गावी आलो होतो.

आमचं गाव कोयना धरणाच्या पाण्यापलीकडं. रस्ता नाही. पाटणचा दवाखाना गाठायचा तर आधी होडी, आणि होडीच्या मागं लटकवलेलं आबांचं जुनाट मशीन.

दोरी एकदाच ओढली तसं ते चालू झालं, मला हायसं वाटलं. पण मधोमध आल्यावर रेस दिली की मशीन गुदमरायचं, आचके द्यायचं. रेस कमी केली की गुमान चालायचं, गोगलगायीच्या चालीनं. तसं गेलो असतो तर दुपार झाली असती. आबा फळीवर आडवे, गुडघे पोटाशी घेऊन. मोबाइलला रेंज नाही, वल्ही घरी. लहानपणापासून ज्या पाण्यात पोहलो त्याचा त्या दिवशी मला असा राग आला की काय सांगू. चारी बाजूंनी डोंगर आणि मधे आम्ही कोंडलेले.

प्लग काढून पुसला. पंख्यात जाळं अडकलंय का बघितलं. कार्बोरेटरची वाटी खोलली, कचरा नव्हता. दर वेळी मशीन जरा पळायचं, जमलं म्हणेपर्यंत ये रे माझ्या मागल्या.

"माघारी फिरव," आबा म्हणाले. "घरात मरू दे मला."

"गप पडा, आबा," मी ओरडलो. बापावर ओरडलो, आणि ओरडताना मलाच रडू येत होतं.

पेट्रोल संपलं की काय म्हणून टाकीकडं वळलो. टाकीच्या नळीत एक रबरी फुगा असतो, दाबून पेट्रोल पुढं ढकलायचा. तो पार चपटा पडलेला. झाकण फिरवलं तशी फुस्सकन हवा आत गेली आणि फुगा आपसूक वर आला. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यात अंगाचा साबण कोंबलेला. हवा आत जाईना तर पेट्रोल बाहेर कसं येणार? आमच्याकडं गळकी टाकी साबणानं बुजवतात. आबांनी चांगल्या टाकीचं हे हवेचं भोकही बुजवलं होतं, पाटणहून कॅननं आणलेलं पेट्रोल उडून जाऊ नये म्हणून. स्वतः ते कायम सावकाश जायचे, त्यांना कधी कळलंच नाही. आता काय बोलायचं, कपाळ माझं.

साबण टोकरत बसलो नाही. झाकण सैल ठेवलं, रेस दिली आणि होडी सुटली.

दवाखान्यात लघवीसाठी नळी घातली तसा आबांचा चेहरा निवला. मी बाहेर येऊन भिंतीला टेकलो. मग डॉक्टर म्हणाले, प्रोस्टेटची गाठ वाढलीय, पण यांचं हृदय ऑपरेशन सोसायचं नाही. नळी कायमची, ती सारखी बदलावी लागणार, तेव्हा दवाखान्याजवळच राहायचं.

तेव्हापासून आबा आणि आई पाटणला माझ्या दोन खोल्यांत असतात. खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत. आबा दिवसभर कॉटवर बसून असतात. शिव्या देत नाहीत, तक्रार करत नाहीत, आणि त्याचंच मला लय वाईट वाटतं.

परवा गावाकडचा एक जण होडीचं मशीन विकत मागायला आला. मी नाही म्हणणार होतो, आबांना पुढं लागेल असं सांगणार होतो. त्यांनी मला बोलूच दिलं नाही.

"देऊन टाक रं," ते म्हणाले. "मला आता कुटं जायचं हाय?"