फळ्यावरचा अवघड शब्द

हसायचं नाही, या अटीवर सांगतो. जाऊ द्या, तुम्ही हसणारच! निदान हातातला कप खाली ठेवा, कारण या वयात माझा झाला तेवढा पोपट अख्ख्या सदाशिव पेठेत कुणाचा झाला नसेल.

विमा कचेरीतून निवृत्त झालो आणि महिन्याभरात घरात माझी अडगळ झाली. बायको ज्या कोपऱ्यात केर काढायला जाई, त्याच कोपऱ्यात मी! म्हणून मग सोसायटीच्या जिन्याखालचा फळा ताब्यात घेतला. रोज सकाळी सातला 'आजचा इंग्रजी शब्द'. मराठीत अर्थ, आणि खाली शाळेत असायचं तसं 'वाक्यात उपयोग'. साधेसुधे शब्द नाहीत हं! डिक्शनरीच्या ज्या पानांना कुणाचं बोट लागलेलं नाही, तिथले. खरं सांगतो, मला सकाळी उठायला कारण मिळालं.

घोळ केला तो त्या 'वाक्यात उपयोग'ने.

एकदा 'बोरबोरिग्मस' लिहिला. अर्थ, पोटातली गुरगुर. वाक्य, 'पूजा चालू असताना यजमानांचा बोरबोरिग्मस सर्वांना ऐकू आला.' आता यात कुणाचं नाव आहे का? पण आदल्याच दिवशी आपट्यांकडे सत्यनारायण झालेला! आपटे तरातरा जिना चढून आले.

"दीक्षित, उपास होता माझा!"

"अहो, ते नुसतं उदाहरण आहे."

"मग स्वतःच्या पोटाचं द्या की!"

पुढच्या आठवड्यात 'पिलगार्लिक', म्हणजे टक्कल पडलेला माणूस. वाक्य, 'पिलगार्लिकने नवा कंगवा घेतला.' इमारतीतले तिन्ही टकले एकत्र येऊन मला भेटून गेले. शिष्टमंडळच म्हणा ना!

झालं. सेक्रेटरी परांजप्यांनी रविवारच्या सभेत विषय लावला : दीक्षितांकडून फळा काढून घेणे.

माझी झोप उडाली. फळा गेला तर मी पुन्हा केराच्या कोपऱ्यात! आणि काढून कोण घेणार, तर परांजपे? हा माणूस धंद्याने कर सल्लागार, पण टाकीच्या गळतीवर ह्याचं ठाम मत. मी किती वेळा सांगितलं, गळती टाकीत नाही, पाइपात आहे. सिमेंट किती, वाळू किती, तेही सांगितलं. ऐकेल तर शपथ!

मग रविवारी सकाळी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'अल्ट्राक्रेपिडेरियन'. मूळ लॅटिन, चपलेच्या पलीकडे जाणारा. म्हणे, चपला शिवणाऱ्या एकाने चित्रातल्या चपलेची चूक काढली. चित्रकाराने ती दुरुस्त केली, तर हा पायाच्याही चुका सांगायला लागला. अर्थ, ज्यातलं आपल्याला कळत नाही त्यावर ठाम मत देणारा. आणि वाक्य, 'आमच्या इमारतीत एक अल्ट्राक्रेपिडेरियन आहे आणि तो कोण, हे सर्वांना ठाऊक आहे.'

परांजपे चिडले तर स्वतःच अंगावर ओढवून घेणार, गप्प बसले तर संपलेच! काय डाव होता, सांगा!

"अहो, नाव नाही घातलंत?" बायकोने विचारलं.

"गरजच काय? लोकांना बरोबर कळेल."

"कळेलच," ती म्हणाली.

आणि कळलं हो! फळा वाचणारा प्रत्येक जण माझ्याकडे बघून हसत होता. पहिल्या मजल्यावरच्या फडके काकूंनी तर हात जोडले. "धन्य आहे तुमची!" सभेला गेलो तो छाती पुढे काढूनच.

पार्किंगमध्ये खुर्च्या मांडलेल्या. परांजपे उठले आणि म्हणाले, "फळा दीक्षितांकडेच राहावा, असा मी ठराव मांडतो."

शत्रू शरण! मी मिशीवरून हात फिरवला.

"चार वर्षं दीक्षित मला सिमेंट शिकवतायत," परांजपे पुढे म्हणाले, "तळमजल्यावरच्या डॉक्टरांना औषधं शिकवतायत, फडके काकूंना चकलीची भाजणी शिकवतायत. आपण सगळे गप्प राहिलो. आणि आज त्यांनी आपण होऊन, जाहीर, फळ्यावर लिहून कबूल केलं. याला मोठं मन लागतं!"

टाळ्यांचा कडकडाट! आपटे टाळ्या वाजवतायत, तिन्ही टकले वाजवतायत. मी तोंड उघडलं. आता 'ते मी तुमच्याबद्दल लिहिलं होतं' म्हणावं, तर फळा जातो. न म्हणावं, तर तो अल्ट्राक्रेपिडेरियन मीच!

ठरावाला हात वर करायला सांगितलं. सगळ्यांत आधी वर गेला तो माझ्या बायकोचा.

मी तोंड मिटलं. ठराव एकमताने मंजूर! फळा माझा, कायमचा! कचेरीत उभ्या हयातीत माझं असं कौतुक झालं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मनातून मला आनंदच झाला होता.

परांजप्यांनी वही उघडली. "इतिवृत्तात तुमच्या नावापुढे तो शब्द घालतोय, दीक्षित. स्पेलिंग सांगा जरा."

आणि मी उभा राहून सांगितलं. एकही अक्षर न चुकता!