रिकाम्या खुर्चीवरचा दोरा

आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील मिठागरात राबले, आईला अक्षरओळख नाही. मी कोणाबद्दल तरी लिहायला बसावं हा आगाऊपणाच. पण विमानाचे पंख आखणारा एक माणूस आपल्या डोंबिवलीत राहत होता, हे दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही. तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. भर रस्त्यात थांबून, लोकरीचा लाल दोरा चिमटीत धरून हवा बघणारे उंच गृहस्थ, तेच ते. पोरं हसायची. सगळे त्यांना काका म्हणत. ते म्हणायचे, "हसा. माणूस खोटं बोलतो, यंत्रही बोलतं. दोरा खोटं बोलत नाही."

पंखावरून हवा कशी वाहते ते मला पुस्तकातून कळेना, म्हणून एकदा भीत भीत त्यांचं दार वाजवलं.

"शिकता कुठवर?"

"इंटर सायन्स."

पुढे माझं नावच ते पडलं. "या, इंटर सायन्स. चपला बाहेर. आणि दार हळू लावा, हवा ढवळते."

दोन खोल्यांत जिथे तिथे वीतभर लाल दोरे चिकटवलेले. खिडकीच्या गजांना, कपाटाला, एकदा तर त्यांच्याच टोपीला. पंखाचा लाकडी नमुना ते टेबलफॅनसमोर धरायचे. त्यावरचे दोरे आधी पंखाला चिकटून मागे पडून राहायचे. काका नमुन्याचं नाक हळूहळू वर उचलायचे. एका क्षणी दोरे थरथरायचे आणि उलटे वळायचे.

"हवा पंखापासून सुटली. पंख मेला," ते म्हणायचे. सुतकाच्या घरात बोलावं तसं.

विलायतेत शिकून त्यांनी तिथल्या विमानांचे पंख आखले होते. स्वातंत्र्य मिळाल्यावर नोकरी सोडून परत आले. कल्याणच्या पुढे युद्धात बांधलेली धावपट्टी ओसाड पडली होती. तिच्या कडेला पत्र्याची शेड घालून चौदा माणसांनी एक लहान विमान बांधलं. सगळी आखणी काकांची. ते एकदाच उडालं. चालवणारा तरुण खडवलीचा, एका मास्तरांचा एकुलता मुलगा. तो त्यातच गेला. चौकशीत ठरलं, त्याने वेग नको तेवढा कमी केला, चूक त्याची.

हे मला शेजाऱ्यांकडून कळलं होतं. काका त्यावर बोलत नसत.

त्यांच्या खोलीत एक वेताची खुर्ची होती. तिच्यावर कोणी बसायचं नाही. मे महिन्यातल्या एका दुपारी मी गणित सोडवत होतो. बाहेर पान हलत नव्हतं, पंखा बंद होता, खोलीतले सगळे दोरे मेल्यासारखे लोंबत होते. फक्त खुर्चीच्या हातावरचा दोरा सावकाश उचलला गेला आणि आडवा राहिला. मी उठून खिडकी तपासली. बंद होती.

"बसा," काका मान वर न करता म्हणाले. "तो येतो असाच."

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "आरं, बामण एकटा र्‍हातो, त्याला सोबत नको का? भूत तं भूत!" आणि हसली. पण खंडेनवमीला तिने माझ्या हातात हळदकुंकवाचं ताट दिलं. "त्याच्या हत्याराला लाव जा."

मी गेलो. काका आत चहा करत होते. म्हटलं, लाकडी पंखालाच लावावं. बोट टेकवलं तोच मागून हात आला आणि ताट भिंतीवर आपटलं.

"पुसा ते! आधी पुसा!"

मी सदऱ्याच्या टोकाने पुसलं. मग त्यांनी टेबलाच्या खणातून एक फोटो काढला. शेडमधली खंडेनवमी. विमानाला झेंडूचे हार, माणसं ओळीने उभी, आणि काका वाकून पंखातून पुढे आलेल्या बारीक नळीला कुंकू लावताहेत.

"या नळीच्या तोंडातून हवा शिरते, त्यावर वेगाचा काटा चालतो. तोंड मुगाच्या दाण्याएवढं. ओली हळद, वर कुंकू. रात्रभरात वाळून घट्ट झालं. दसऱ्याला सकाळी सीमोल्लंघन म्हणून त्याने विमान उडवलं. धावताना काटा हलला नसेल. त्याला वाटलं असेल, नवं यंत्र आहे, हलेल. वर चढल्यावर बाहेरची हवा विरळ झाली, नळीत कोंडलेली तशीच राहिली; काटा हलला, आणि वेग खोटाच जास्त दाखवू लागला. म्हणून त्याने कमी केला." त्यांनी फोटो पालथा घातला. "फोटो मला चौकशीनंतर मिळाला. मी गप्प बसलो."

"आणि मास्तर?"

"दर वर्षी जातो. ते हात जोडतात. म्हणतात, साहेब, पोराने तुमचं विमान मोडलं, क्षमा करा."

मी धीर करून म्हणालो, "काका, सांगून टाका ना."

"सांगतो. हवा पडू दे."

दिवाळी झाली. एका शनिवारी बारा वाजता मी गेलो तर हवा ठार पडलेली होती. खुर्चीवरचा दोरा दाराकडे ताठ झाला होता. काकांनी कोट चढवला, माझ्यासमोर फोटो आतल्या खिशात ठेवला. "निघतो, इंटर सायन्स. दार हळू लावा."

ते परतले नाहीत. आठवड्याने मी खडवलीला गेलो. मास्तर ओटीवर बसले होते. खंडेनवमीचा तो फोटो त्यांच्या मांडीवर होता.

"शनिवारी चारच्या सुमारास आले होते. सगळं सांगितलं. मी पाणी दिलं, प्याले नाहीत. पोराची चूक नव्हती हो! इतकी वर्षं मी त्याच्या फोटोला हारसुद्धा घातला नव्हता." आत भिंतीवर मुलाच्या फोटोला ताजा हार होता. "वाऱ्याचा मागमूस नव्हता, पण साहेब होते तोवर कॅलेंडर फडफडत होतं. दोघे नदीकडे गेले."

"दोघे?"

मास्तर मुलाच्या फोटोकडे बघत राहिले.

पंधरा दिवसांनी काकांच्या घरमालकाने मला बोलावून कल्याणच्या पोलिसांचा कागद दाखवला. शनिवारी दुपारी एक वाजता, कसाऱ्याच्या गाडीची वाट पाहत असताना, एक वृद्ध फलाटावर कोसळून जागीच वारले. ओळख पटायला उशीर लागला. अंगावरच्या वस्तू: चष्मा, लाल लोकरीचा गुंडा, खडवलीचं न वापरलेलं तिकीट.

मी तो कागद तीनदा वाचला. त्या यादीत फोटो नव्हता.