पाठीवरचं नाव

गल्लीतल्या शिंप्याकडे काल मंडळाच्या कबड्डी संघाचा जुना टी-शर्ट पसरलेला दिसला. शिंपी पाठीवरची शिवलेली अक्षरं ब्लेडने उसवत होता. नाव दिलीपचं. या मंडळासाठी त्याने दहा वर्षं गुडघे फोडून घेतले होते.

"दिलीपला सांगितलंत का?" शेजारी उभ्या असलेल्या मंडळाच्या अध्यक्षांना मी विचारलं.

"त्यात सांगायचं काय? नवी यादी लागली की वाचेल. शेजारच्या तालुक्यातला एक उंच गडी आणतोय. शर्ट मात्र चांगला आहे, तो कशाला टाकायचा?"

वा! शर्ट चांगला, म्हणून तो ठेवायचा. हे गृहस्थ उभ्या जन्मात मैदानात उतरले ते गळ्यात हार घालून घ्यायला. आणि कोणाचे गुडघे संपले, हे चहात बिस्कीट बुडवत हेच ठरवणार. बिस्कीट कपात पडलं तर मात्र हळहळतील.

शेवटचा टाका निघाला. शिंप्याने शर्ट झटकला. इतक्या हंगामांच्या उन्हाने कापड विटलं होतं, फक्त अक्षरांखालचं तेवढं गडद राहिलं होतं. दिलीपचं नाव आता रस्त्यावरूनही वाचता येत होतं.

"हे काही जायचं नाही, साहेब," शिंपी म्हणाला.

अध्यक्षांनी पाठ आत घालून शर्टाची घडी करायला सांगितली.