कानांनी रस्ता ओलांडणारी बाई

"फ्रॅक्चर नेक ऑफ फीमर," एक्स-रे उजेडात धरून डॉक्टर म्हणाले. "म्हणजे मांडीचं हाड खुब्याजवळ तुटलंय. ऑपरेशन करावं लागेल."

स्ट्रेचरवरूनच मी विचारलं, "शिकवणीला कधी जाता येईल?" डॉक्टर माझ्या मुलीकडे पाहू लागले.

मी गणिताची निवृत्त शिक्षिका. अमरावतीत राजापेठेला राहते आणि रस्त्यापलीकडच्या एका खोलीत शिकवणी घेते. तो रस्ता मी वर्षानुवर्षं कानांनी ओलांडला. ऑटोची फटफट किती लांब आहे ते ऐकायचं आणि पाऊल टाकायचं, मान वळवायचे कष्ट कोण घेणार! त्या दुपारी ऊन रणरणत होतं. पर्समध्ये कांदा, डोक्याला दुपट्टा, तोही दोन्ही कान झाकून घट्ट बांधलेला. उन्हाचा बंदोबस्त चोख होता. रस्ता शांत वाटला म्हणून निघाले, आणि इलेक्ट्रिक कारची धडक बसली.

गाडीवाले भाऊ नांदगाव खंडेश्वरचे. त्यांनीच मला दवाखान्यात आणलं. दुसऱ्या दिवशी पलंगाशी येऊन कळवळून म्हणाले, "मॅडम, मले वाटलं तुमाले गाडी ऐकू आली. मंग ध्यानात आलं, हिले तं आवाजच नाई." मला राग यायला हवा होता. पण माझे कान बांधलेले आणि त्यांची गाडी मुकी, अशी जोडी जमलेली पाहून हसूच आलं. हसताना खुब्यात अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं.

ऑपरेशनचं नाव हेमीआर्थ्रोप्लास्टी. म्हणजे खुब्यातला तुटलेला गोळा काढून तिथे धातूचा बसवतात. नावाला घाबरू नका. खरी परीक्षा नंतर असते, वॉकर धरून पहिल्यांदा उभं राहताना. मी तर रडले.

मुलगी अकोल्याला राहते. ती म्हणाली, "आई, पुरे आता. शिकवणी बंद कर आणि माझ्याकडे चल." मी ऐकेना. शेवटी ती म्हणाली, "एकटीनं तो रस्ता ओलांडून दाखव, मग मी एक शब्द बोलणार नाही."

पाय सुधारत होता, भीती हटत नव्हती. काठीवर आले तरी दवाखान्याच्या आवारात मागे नुसती सायकल आली की मी खांब धरायची. फिजिओथेरपी देणारी, म्हणजे व्यायाम करून घेणारी डॉक्टर तेल्हाऱ्याची. ती म्हणाली, "काहून भेऊन राहिल्या मावशी? सांधा तं नवा कोरा हाये. हिंमत जुनीच काढा."

मग मला एक खूळ सुचलं. मी भाऊंना फोन करून त्यांची तीच गाडी आवारात आणायला लावली. ते गोगलगायीसारखी गाडी फिरवायचे, मी काठी टेकत चालायची आणि मान वळवून ती शोधायची. आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे. भाऊंना घाम फुटायचा, डॉक्टरीणबाई टाळ्या वाजवायची. गाडी दिसली की हात वर करायचा, गाडी थांबली की मगच निघायचं. हळूहळू खांब सुटला. "बाजारात गाडी अशीच चालवा," असं मी भाऊंना बजावलंही. त्यांनी कान पकडले.

डॉक्टरांनी परवानगी दिली त्या सकाळी दुपट्टा बांधला, पण कान मोकळे ठेवून. मुलगी अलीकडे उभी राहिली. मी उजवीकडे पाहिलं. एक पांढरी कार येत होती, आवाज न करता. माझा हात वर गेला. गाडी थांबली. मी डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं आणि निघाले. मागे कुणीतरी हॉर्न वाजवला. वाजव बाबा, पोटभर वाजव! मी घाई केली नाही.

पलीकडे पोचले. शिकवणीच्या पायरीवर पोरं ओरडत होती. डॉक्टरांचे, भाऊंचे, त्या तेल्हाऱ्याच्या पोरीचे मी मनोमन उपकार मानले. वळून पाहिलं तर मुलगी तिथेच उभी राहून डोळे पुसत होती. मग तशीच, मोबाइल कानाला लावून, रस्त्यात उतरायला निघाली.

"थांब!" मी काठी उगारून ओरडले. "आधी दोन्हीकडे बघ, मगच ये."