जुन्या व्यवस्थेचे गुण

आमच्या कंपनीत दिवा गेला किंवा खुर्चीचं चाक निखळलं की लोक जिन्याखालच्या खोलीकडे जायचे. तिच्या दारावर दोरीनं बांधलेली एक वही लटकलेली असायची. तीत तक्रार लिहायची आणि निघून यायचं. पुढचं सगळं वहीकाका बघायचे. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात असेल, पण ते कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

काकांना एक खोड होती. काम झालं म्हणजे तक्रार मिटली, असं ते मानत नसत. ज्यानं लिहिली त्याच्या टेबलापाशी जाऊन उभे राहायचे, "झालं का?" असं विचारायचे आणि त्यानं सही केली की मगच त्या ओळीवर रेघ मारायचे. एकदा एक जण महिनाभर रजेवर गेला, तर त्याचा पंखा महिनाभर गरगर फिरत असूनही वहीत नादुरुस्तच राहिला. मी आवक-जावक विभागात बसते. कागद हातावेगळे करण्यात माझी हयात गेली. मला या प्रकाराचा अस्सा संताप यायचा!

मग वरून फर्मान आलं. वही बंद, तक्रारी आता कंपनीच्या इंट्रानेटवर, त्यासाठी हेल्पडेस्क सॉफ्टवेअर निवडा. संगणक विभागाच्या मॅडम नव्या आणि उत्साही. "तक्रारींतलं काकांइतकं कुणाला कळतं?" असं म्हणून त्यांनी काकांनाच निवड समितीत घेतलं, आणि टिपणं काढायला मला. म्हणजे ज्याची खुर्ची जाणार, ती उचलायचं कामही त्याच्याकडेच. काकांच्या निवृत्तीला चार वर्षं होती आणि मुलीच्या शिक्षणालाही तेवढीच. हे मॅडमना कुणी सांगितलं नाही. काका तर सांगणाऱ्यांतले नव्हतेच.

तीन सॉफ्टवेअर चाचणीला आली. काका म्हणाले, "खरी तक्रार घालून बघू." खरी तक्रार माझी होती. माझ्या टेबलाचा ड्रॉवर दोन वर्षं अडकत होता. काका दुरुस्त करून जायचे, पंधरा दिवसांत तो पुन्हा रुसायचा. त्या दिवशी तर माझा चष्मा आत होता.

पहिल्या सॉफ्टवेअरनं विचारलं, "ड्रॉवर बंद करून पुन्हा चालू केलात का?" दुसऱ्यानं कळवलं की आपला ड्रॉवर आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे, आणि गप्प बसलं. तिसऱ्यानं तीन दिवस वाट पाहिली आणि लिहिलं, "आपल्याकडून उत्तर न आल्यामुळे समस्या सुटली असे समजण्यात येत आहे." चष्माच आत, तर मी उत्तर काय कपाळ देणार?

"हे बरं आहे," मॅडम तिसऱ्याबद्दल म्हणाल्या. "याच्यात काही तुंबून राहत नाही."

"पण यानं विचारलं नाही," काका म्हणाले.

"काय विचारलं नाही?"

"झालं का ते."

मॅडमनी ते कागदावर टिपून घेतलं आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

नियमाप्रमाणे तुलना चार पर्यायांची हवी होती, आणि आले होते तीन. तेव्हा चौथ्या रकान्यात मॅडमनी लिहिलं, "सध्याची व्यवस्था". म्हणजे काका! तक्ता त्यांच्यापुढे सरकवून त्या म्हणाल्या, "काका, तुमची माहिती तुम्हीच भरा."

काकांनी एव्हाना ड्रॉवर उचकटून चष्मा काढून दिला होता, आणि मी शेजारी बसून बघत होते. आवृत्ती: एकच. एका वेळी किती वापरकर्ते: एक, ओळखीचे असल्यास दोन. सुरक्षा: वहीला दोरी आहे. बॅकअप: जुन्या वह्या कपाटावर. हसू का रडू, मला कळेना. पण लोकांनी समाधानाच्या ओळीत काकांना भरभरून गुण दिले होते, आणि बेरीज करता करता माझ्या लक्षात आलं की हा माणूस जिंकतोय. एकच ओळ उरली होती. चोवीस तास उपलब्ध आहे का?

"'हो' लिहा," मी त्यांच्या कानाशी म्हटलं.

"अहो, झोपतो ना मी."

"कुणाला कळणार आहे?"

"आणि एक ते दीड जेवायला जातो," असं म्हणत त्यांनी सुवाच्य अक्षरात "नाही" लिहिलं. अर्ध्या गुणानं तिसरं सॉफ्टवेअर निवडलं गेलं. मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही.

सोमवारी सूचना लागली. जुन्या व्यवस्थेतील सर्व प्रलंबित तक्रारी निकाली निघताच ती व्यवस्था बंद करण्यात येईल व संबंधितास कार्यमुक्त करण्यात येईल. वहीत अकरा तक्रारी बाकी होत्या. दुसरा कुणी असता तर अकरा पुरवून पुरवून वापरल्या असत्या. काका मात्र झपाटल्यासारखे कामाला लागले आणि शुक्रवारपर्यंत दहांवर रेघा मारून मोकळे झाले.

अकरावी माझी.

काका ड्रॉवर सरकतो ती नवी पट्टी, म्हणजे चॅनेल, घेऊन आले. तासभर गुडघ्यांवर बसून त्यांनी ते बसवलं, चार स्क्रू आवळले, तेल घातलं. मी चष्मा आत ठेवला. ड्रॉवर बोटानं ढकलला तरी आत जात होता आणि बोटानं ओढला तरी बाहेर येत होता.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

काकांनी ड्रॉवर ओढला. सुळकन बाहेर आला. पुन्हा लावला, पुन्हा ओढला. मग माझ्याकडे बघत राहिले. मीही नजर हटवली नाही. झोपेपायी स्वतःचे गुण कापणारा माणूस हा, खोटं काही वहीत उतरवणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी ड्रॉवर लावला. टेबलाखाली वाकले, पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि नुकताच आवळलेला एक स्क्रू तीन आटे सैल केला. मग ड्रॉवर ओढून पाहिला. जाम हलेना.

"अडकतोय खरा," ते म्हणाले. वहीतल्या त्या ओळीवर रेघ न मारता त्यांनी खाली काहीतरी लिहिलं आणि वही माझ्यापुढे धरली. चष्मा आतच राहिला होता. मी न वाचता सही केली.